ऊन, वारा आणि व्याज

उन्हाला किंमत पडत नाहीं, वाऱ्यावर कोणाची मालकी नाहीं, आणि पावसाचें पाणी तर आपण होऊन डोंगरावर येऊन पडतें. मग या तिहींपासून निघणाऱ्या विजेला पैसे कशाचे, असा प्रश्न चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतूनहि विचारला जातो. प्रश्न भोळा वाटला तरी तो टाकाऊ नाहीं. ऊर्जाशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांत अक्षय ऊर्जेचें तंत्र व तिचें अर्थशास्त्र हे विषय जोडीनें शिकविले जातात, ते याच प्रश्नाचें नीट उत्तर देतां यावें म्हणून. मुंबईंत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत ऊर्जाशास्त्राचा स्वतंत्र विभागच आहे. अशा वर्गांत येणारा विद्यार्थी बहुधा यंत्रशास्त्राचा किंवा विद्युत्‌शास्त्राचा पदवीधर असतो. पवनचक्कीचें पातें कसें वळवावें आणि सौरपट्टी कोणत्या कोनांत बसवावी एवढें शिकून बाहेर पडूं, अशी त्याची समजूत असते. थोड्याच दिवसांत त्याच्या हातीं व्याजाचीं कोष्टकें येतात, आणि या विद्येचा निम्मा भाग सावकाराच्या वहींत आहे हें त्याच्या ध्यानांत येतें.

या विद्येचा पहिला धडा मराठी वाचकाला परदेशांत शोधावयास नको. तो बोरघाटाच्या पायथ्याशींच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या गिरण्या दगडी कोळशाच्या वाफेवर चालत. कोळसा दूरच्या खाणींतून यावयाचा, त्याचें भाडें गिरणीच्या खर्चांत पडावयाचें, आणि त्याचा धूर गिरणगांवावर पसरावयाचा. तिकडे लोणावळ्याच्या परिसरांत मात्र चार महिन्यांत असा पाऊस कोसळतो कीं, तो अडवून ठेवला तर उरलेले आठ महिने पुरावा. ही कल्पना जमशेटजी टाटांच्या मनांत होती. ते १९०४ मध्यें वारले. त्यांच्या मागें १९१० सालीं टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली. लोणावळा, वळवण व शिरवता येथें धरणें बांधून पाणी लोखंडी नळांतून १७०० फुटांहून अधिक खालीं खोपोलीस उतरविलें, आणि १९१५ मध्यें तेथली वीज मुंबईस पोंचली. पुढें १९२२ मध्यें भिवपुरी व १९२७ मध्यें भिरा येथील वीजघरें सुरू झालीं.

आतां यांतला जमाखर्च पाहावा. वाफेचें इंजिन घेणारा गिरणीवाला इंजिनाला एकदां पैसे देई आणि कोळशाला जन्मभर देत राही. गिरणी बंद असेल त्या दिवशीं कोळसा जळत नसे, म्हणून त्याचा खर्चहि थांबे. धरण बांधणाऱ्याची तऱ्हा निराळी. त्याला जणूं पन्नास वर्षांचा कोळसा एकाच दिवशीं विकत घ्यावा लागतो. धरण, नळ, चक्रें, खांब, तारा या सर्वांचे पैसे पहिला दिवा लागण्यापूर्वींच मोजावे लागतात, आणि त्यानंतर वीज विकली गेली काय अन् न गेली काय, व्याज रात्रंदिवस चालूच असतें. एकदां तें भांडवल फिटलें कीं मात्र चित्र पालटतें. पाऊस कांहीं मागत नाहीं. देखरेख, डागडुजी आणि चक्रें बदलण्याचा खर्च तेवढा उरतो. जुनीं जलविद्युत्‌घरें विजेच्या व्यवहारांत फार मोलाचीं समजलीं जातात तीं यामुळें. पवनचक्की आणि सौरपट्टी यांचा स्वभाव धरणासारखाच आहे, वाफेच्या इंजिनासारखा नाहीं. हें एक वाक्य ज्या विद्यार्थ्याला नीट समजलें त्याचा अर्धा अभ्यास झाला.

व्याजाचा हा प्रकार घरगुती उदाहरणानें लवकर उलगडतो. पुण्यांतील एखाद्या गृहस्थानें गच्चीवर ३ किलोवॉटचा सौर संच बसविला आणि त्यास १,८०,००० रुपये लागले असें हिशेबासाठीं धरूं. चांगल्या उन्हाच्या प्रदेशांत असा संच वर्षाला सुमारें ४,००० युनिटें देतो. पंचवीस वर्षांत एक लक्ष युनिटें होतील. तेव्हां युनिट १ रुपया ८० पैशांना पडलें, असें तो गृहस्थ शेजाऱ्याला मोठ्या आनंदानें सांगेल. परंतु पैसे त्यानें दरसाल ६ टक्के व्याजानें काढले असतील आणि पंचवीस समान वार्षिक हप्त्यांनीं फेडावयाचे असतील, तर दरवर्षीं सुमारें १४,०८० रुपये जातात, आणि युनिट ३ रुपये ५२ पैशांना पडतें. व्याज १० टक्के असेल तर तेंच युनिट ४ रुपये ९६ पैशांवर जातें. गच्ची तीच, पट्ट्या त्याच, ऊनहि तेंच. बदलला तो केवळ सावकार. पैसे पदरचे घातले म्हणजे हा फेरा चुकतो असेंहि नाहीं, कारण तेच पैसे ठेवींत ठेवले असते तर त्यांनीं व्याज आणलें असतें. तें बुडालेलें व्याज हाहि खर्चच होय. गृहिणींना हें सांगावें लागत नाहीं. भिशींतला आधीचा नंबर आणि शेवटचा नंबर यांतला फरक त्या पूर्ण ओळखतात.

या हिशेबांत आणखी कांहीं बारीक रकमा घालाव्या लागतात. पट्टीची शक्ति वर्षाला सुमारें अर्ध्या टक्क्यानें उतरते, धूळ बसल्यावर ती पुसावी लागते, आणि एकदिशा प्रवाह घरच्या प्रवाहांत बदलणारा इन्व्हर्टर पंचवीस वर्षांत एकदां तरी बदलावा लागतो. उलट बाजूला सरकारी साहाय्य येतें. फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेल्या सूर्यघर योजनेंत ३ किलोवॉटच्या घरगुती संचास ७८,००० रुपयांचें साहाय्य ठरविण्यांत आलें. वरच्या उदाहरणांत तें वजा घालून ६ टक्क्यांनीं हिशेब केला तर युनिट जवळजवळ २ रुपयांवर येतें. अर्थात् हे ७८,००० रुपये आकाशांतून पडलेले नसतात. ज्याला स्वतःची गच्ची नाहीं अशा चाळींतल्या कुटुंबानेंहि ते कररूपानें थोडेथोडे दिलेले असतात. वर्गांत हा मुद्दा निघाला कीं वाद होतो, आणि तो व्हावयासच पाहिजे.

कोळशाच्या वीजघराशीं तुलना केली म्हणजे व्याजाचें महत्त्व अधिकच दिसतें. आपल्या देशांत कोळशाच्या एका युनिटामागें अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो. त्या युनिटाच्या किंमतींतला मोठा वांटा या कोळशाचा व त्याच्या वाहतुकीचा असतो. व्याज वाढलें तरी तो वांटा जागचा हलत नाहीं. म्हणून ज्या देशांत कर्ज महाग, तेथें ऊन कितीहि प्रखर असलें तरी सौर विजेची स्थिति अवघड. आणि जेथें कर्ज स्वस्त, तेथें मळकट उन्हांतहि ती परवडते. आफ्रिकेंतील कित्येक देशांपेक्षां जर्मनींत ऊन कितीतरी कमी; तरी पट्ट्या आधीं तेथें पसरल्या, त्याचें एक कारण सूर्यांत नसून बँकेंत आहे.

यंत्रांचा भाग थोडक्यांत सांगतां येतो, कारण निसर्गानें त्याच्या मर्यादा स्पष्ट आंखून दिल्या आहेत. वाऱ्याची शक्ति त्याच्या वेगाच्या घनाप्रमाणें वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ति आठपट होते. यामुळें पवनचक्कीची जागा निवडतांना थोडी चूक झाली तरी सबंध गुंतवणूक बुडूं शकते. साताऱ्याच्या नैर्ऋत्येस चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर चक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत त्या देखाव्यासाठीं नव्हेत. तेथें मोसमी वारा सह्याद्रीवर चढून येतो. वाऱ्यांतली सगळी शक्ति काढून घेतां येत नाहीं, कारण मग वारा चक्कीमागें थांबूनच राहील. अधिकांत अधिक ५९.३ टक्के घेतां येते, हें आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें पहिल्या महायुद्धानंतर लगेच दाखवून दिलें. सूर्यपट्टीलाहि अशीच सीमा आहे. १९५४ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें सिलिकॉनची पहिली व्यवहार्य पट्टी दाखविली, तेव्हां ती पडलेल्या उन्हांतील सुमारें ६ टक्के भागाची वीज करी. आज बाजारांतल्या चांगल्या पट्ट्या २० टक्क्यांच्या पुढें गेल्या आहेत, आणि एका थराच्या पट्टीची तात्त्विक मर्यादा ३३ टक्क्यांच्या आसपास आहे, असें १९६१ मध्येंच गणितानें सिद्ध झालें आहे.

पण पट्टीच्या किंमतीनें घेतलेली उडी या गुणवृद्धीपेक्षां कितीतरी मोठी आहे. भारतांत २०१०-११ सालासाठीं केंद्रीय वीज नियामक आयोगानें सौर विजेचा दर युनिटास १७ रुपये ९१ पैसे धरला होता. राष्ट्रीय सौर अभियानाच्या पहिल्या लिलावांत बोली १० रुपये ९५ पैशांपर्यंत उतरली, आणि अनेक जाणत्यांनीं ती अव्यवहार्य ठरविली. मे २०१७ मध्यें राजस्थानांतील भडला येथें २ रुपये ४४ पैशांची बोली आली. डिसेंबर २०२० मध्यें गुजरातेंत १ रुपया ९९ पैशांची. हें कसें घडलें याचें उत्तर १९३६ सालच्या एका लेखांत सांपडतें, आणि तो लेख विजेवर नसून विमानांवर आहे. थिओडोर राइट नांवाच्या अमेरिकन अभियंत्यानें असें दाखविलें कीं, कारखान्यांतून बाहेर पडलेल्या विमानांची एकूण संख्या दुप्पट झाली म्हणजे दर विमानाचा खर्च ठराविक हिश्श्यानें उतरतो. हात सरावतात, नासाडी घटते, यंत्रें मोठीं होतात. सौरपट्टीच्या बाबतींत हा हिस्सा दर दुपटीला सुमारें एक पंचमांश असा आढळला आहे. धरणाला हा लाभ मिळत नाहीं. प्रत्येक धरण आपल्या दरींत नव्यानेंच बांधावें लागतें. पट्टी मात्र कारखान्यांत कोट्यवधींनीं छापली जाते.

इतक्या स्वस्त विजेनें सगळे प्रश्न मिटावयास हवे होते. ते मिटले नाहींत, कारण युनिट हें युनिट असलें तरी दुपारचें युनिट व रात्रीचें युनिट यांना एकच मोल नाहीं. मंडईंत सकाळची भाजी आणि दिवेलागणीची भाजी यांना एक भाव नसतो, त्यांतलाच हा प्रकार. मात्र येथें भाव उलटा चढतो. दुपारीं देशभरच्या पट्ट्या एकदम वीज देऊं लागतात आणि वीजबाजारांतला भाव कोसळतो. सूर्य मावळला कीं घरोघर दिवे, पंखे व स्वयंपाकघरांतलीं यंत्रें एकदम चालू होतात, आणि भाव वर चढतो. एप्रिल २०२३ पासून केंद्रीय आयोगानें युनिटास १० रुपयांची जी कमाल मर्यादा घातली, तिला तो अनेक संध्याकाळीं जाऊन भिडला. भारतांतील सौर क्षमता जानेवारी २०२५ मध्यें एक लक्ष मेगावॉटच्या पार गेली. जितक्या पट्ट्या वाढतात तितकें दुपारच्या युनिटाचें मोल आणखी घटतें. आपल्याच मुबलकपणानें आपलाच भाव पाडावा, असें हें पीक आहे. गच्चीवरचा गृहस्थ दुपारचें जास्तीचें युनिट तारेवर देतो आणि रात्रीं त्याच भावाचें परत घेतो, तेव्हां फरक कोणी तरी दुसरा सोसतो. तो दुसरा म्हणजे बहुधा ज्याला गच्ची नाहीं तोच.

त्यामुळें सांठवणीचा प्रश्न पुढें येतो. बॅटऱ्या झपाट्यानें स्वस्त होत आहेत. परंतु सह्याद्रीनें याहून जुनी सोय करून ठेवली आहे. घाटमाथ्यावर एक तलाव, पायथ्याशीं दुसरा. वीज स्वस्त असेल तेव्हां पाणी वर चढवावें, महाग होईल तेव्हां खालीं सोडावें. नगर व ठाणें जिल्ह्यांच्या सीमेवर घाटघर येथें २५० मेगावॉटचा असा प्रकल्प २००८ मध्यें चालू झाला. चार युनिटें खर्चून सुमारें तीन परत मिळतात. हा व्यवहार तोट्याचा वाटतो खरा. पण दुपारचें युनिट दोन रुपयांना व रात्रीचें आठ रुपयांना असेल तर आठ रुपये घालून चोवीस येतात. त्यांतून तलाव, बोगदे व यंत्रें यांचें व्याज निघालें पाहिजे, आणि पुन्हां सगळा प्रश्न सावकारापाशीं येऊन थांबतो.

येथवर जे खर्च मोजले ते वहींत लिहितां येणारे होते. कांहीं खर्च वहींत येतच नाहींत. भिऱ्याच्या वीजघरासाठीं मुळशीचें खोरें पाण्याखालीं जावयाचें ठरलें, तेव्हां १९२१ सालीं तेथील मावळ्यांनीं सत्याग्रह मांडला. सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे त्यांत पुढें होते. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला. धरण झालें, भातखाचरें बुडालीं. मुंबईच्या गिरणीला पडलेल्या युनिटाच्या भावांत जमिनीची भरपाई थोडीबहुत धरली असेल, पण पिढ्यान्‌पिढ्यांचें गांव उठणें हा आंकडा कोणत्याहि रकान्यांत बसत नाहीं. आजच्या अभ्यासक्रमांत अशा खर्चांना बाह्य खर्च म्हणतात. हें नांव फसवें आहे; ज्याचें घर बुडालें त्याच्या दृष्टीनें तो खर्च मुळींच बाहेरचा नव्हता. राजस्थानांतल्या ओसाड म्हटल्या जाणाऱ्या जमिनींवर पट्ट्या पसरतांना तेथें गुरें चारणाऱ्यांचा प्रश्न उभा राहतो, तो याच जातीचा आहे.

पाण्याचा खर्चहि असाच डोळ्यांआड राहतो. एक हजार लिटर पाणी ५०० मीटर खालीं पडलें तर घट वजा जातां सुमारें सव्वा युनिट वीज निघते. दहा हजार लिटरांचा टँकर घेतला तर बारा-साडेबारा युनिटें. मे महिन्यांत ज्यानें टँकर विकत घेतला आहे त्यानें या दोन किंमती शेजारीं शेजारीं मांडून पाहाव्या. टाटांचीं धरणें व कोयना हीं पूर्वेकडे भीमा-कृष्णेला जाणारें पाणी पश्चिमेकडे कोंकणांत सोडतात. वीज निघते, आणि पाणी वाशिष्ठीसारख्या नद्यांवाटे समुद्राला मिळतें. तेंच पाणी पूर्वेस गेलें असतें तर माणदेश-सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यांत पोंचलें असतें, असें म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांचें म्हणणें हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. कृष्णा पाणीतंटा लवादानें १९७६ च्या निवाड्यांत कोयनेच्या पश्चिमेकडील पाण्याला वर्षाकांठीं ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. उलट पक्षीं, १९६० मेगावॉटची कोयना कांहीं मिनिटांत चालू व बंद करतां येते. असा गुण महाराष्ट्रांतल्या दुसऱ्या कोणत्याहि इतक्या मोठ्या वीजघरांत नाहीं. जोंवर रात्रीची गरज दुसरीकडून स्वस्तांत भागत नाहीं तोंवर हें पाणी पश्चिमेकडेच जाणार. म्हणजे सांठवणीचा भाव उतरणें हा सोलापूरच्या शेतकऱ्याचाहि प्रश्न आहे.

या विद्येंत कराराचा एक धडा असतो, आणि त्यासाठीं पुन्हां कोंकणांतच यावें लागतें. दाभोळचा प्रकल्प अक्षय ऊर्जेचा नव्हता. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्यें नॅफ्थ्यावर चालू झाला. वीज घेतली न घेतली तरी ठराविक रक्कम द्यावयाची, इंधनाचा भाव व डॉलरचा दर चढला तर तोहि बोजा खरेदीदाराचा, अशा अटींमुळें राज्याच्या वीजमंडळाला तो झेपेना, आणि २००१ मध्यें प्रकल्प बंद पडला. वाऱ्या-उन्हाच्या विजेंत इंधनाच्या भावाचें भय नाहीं. पंचवीस वर्षांचा दर आजच सांगतां येतो, हा तिचा मोठाच गुण. पण त्या गुणाचीच दुसरी बाजू अशी कीं, दर पाळला जाईल हा भरंवसा सुटला तर सगळा हिशेब कोसळतो. २०१९ मध्यें आंध्र प्रदेश सरकारनें आधींच्या राजवटींतले सौर व पवन विजेचे करार महाग ठरवून दर कमी करण्याचा प्रयत्न केला. नवे लिलाव अडीच रुपयांच्या खालीं जात असतां जुने दर देणें सरकारला जड वाटलें, हें समजण्यासारखें आहे. मार्च २०२२ मध्यें तेथील उच्च न्यायालयानें करारांतलेच दर द्यावे असा निकाल दिला. मधल्या काळांत थकलेल्या बिलांकडे पाहून कर्ज देणाऱ्यांनीं काय ताडलें असेल, तें वरच्या पुण्याच्या गृहस्थाच्या हिशेबावरून कळतें. भीति वाढली कीं व्याज वाढतें, आणि व्याज वाढलें कीं ऊन महाग होतें.

सर्वांत शहाणपणाचा उपाय मात्र सांठवणीचाहि नाहीं व करारांचाहि नाहीं. तो गरजच दुपारीं सरकविण्याचा आहे. महाराष्ट्रांत शेतीच्या पंपांना वर्षानुवर्षें आळीपाळीनें वीज मिळत आली. कांहीं दिवस दिवसा, कांहीं दिवस रात्रीं. रात्रीची पाळी आली म्हणजे कंदील वा विजेरी घेऊन, विंचूकाट्याची व बिबट्याची भीति मनांत बाळगून, उसाला पाणी द्यावयास जावें लागे. २०१७ मध्यें जाहीर झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचें सूत्र साधें आहे. उपकेंद्राजवळच पट्ट्या बसवाव्या आणि पंपांच्या वाहिनीला दिवसाच वीज द्यावी. येथें बॅटरी लागत नाहीं. ओली झालेली जमीन हीच सांठवण. दूरवरून वीज आणतांना तारांत होणारी गळती वाचते, आणि शेतकऱ्याला स्वस्त दरानें वीज देण्यासाठीं शहरांतल्या ग्राहकावर व कारखान्यांवर जो अधिक दर बसतो, तोहि कांहींसा हलका होऊं शकतो. अडचणी नाहींत असें नाहीं. गांवाजवळची जमीन मिळणें कठीण, पावसाळ्यांत पंपांना काम नसतें, आणि दिवसा बिनखर्ची पाणी उपसतां येऊं लागलें तर भूगर्भांतलें पाणी किती दिवस टिकेल हा प्रश्न वेगळाच.

शहरांतली संध्याकाळ मात्र अजून सरकविलेली नाहीं. सात वाजतां दिवे लागतात, पोफळीच्या बोगद्यांतून पाणी सुटतें, आणि त्या वर्षाच्या ६७.५ अब्ज घनफुटांतून त्या रात्रीचा वांटा वजा होतो.